थंडीच्या सकाळचा एक तास : शहरांना ऊब पुरवण्याच्या दीडशे वर्षांचा इतिहास

१/
नरकचतुर्दशीची पहाट. वाड्यात बिऱ्हाडे दहा आणि परसात तांब्याचा बंब एक. एरवी तो बंब साऱ्यांना पुरून उरतो, कारण कोणी पाचला न्हातो, कोणी आठला, कोणी पार दुपारी. त्या पहाटे मात्र सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान उरकायचे असते. सारा वाडा तेल-उटणे लावून एकाच वेळी ऊन पाण्याची वाट पाहत कुडकुडत उभा राहतो. दिवसभरात लागलेले पाणी मोजले, तर ते फारसे वाढलेले नसते. वाढलेली असते ती एका तासाची मागणी.

२/
हीच अडचण लाखो घरांच्या शहराला आली तर? बाहेर पारा उणे २० अंशांवर गेलेला, आणि प्रश्न न्हाणीचा नसून रात्र काढण्याचा. युरोप आणि अमेरिकेतील थंड शहरे गेली सुमारे दीडशे वर्षे या एका तासाशी झुंजत आली आहेत. अभियंते त्याला ‘पीक डिमांड’ म्हणतात; आपण ‘सर्वोच्च मागणी’ म्हणू. मित्रहो, आजचा धागा त्या झुंजीच्या इतिहासाचा.

३/
आधी मूळ कल्पना समजून घेऊ. प्रत्येक घरात शेगडी पेटवण्याऐवजी एका केंद्रात उष्णता निर्माण करायची आणि वाफेच्या किंवा गरम पाण्याच्या रूपाने ती रस्त्याखालच्या नळांतून घरोघरी पोचवायची. खोलीतील लोखंडी रेडिएटरमधून पाणी फिरते, खोली उबदार करते आणि निवून परतीच्या नळाने केंद्राकडे जाते. या व्यवस्थेला ‘डिस्ट्रिक्ट हीटिंग’ म्हणतात. या धाग्यापुरता आपण ‘नगरतापन’ हा शब्द वापरू.

४/
या कल्पनेचे जुने उदाहरण मध्य फ्रान्समधील शोद-एग या गावात सापडते. तेथे सुमारे ८२ अंश सेल्सियसचा उन्हाळा, म्हणजे गरम पाण्याचा झरा, आहे. त्याचे पाणी लाकडी नळांतून घराघरांखाली खेळवण्याची पद्धत तेथे १४व्या शतकापासून आढळते. झरा रात्रंदिवस सारखाच वाहतो. त्याला जळण लागत नाही. गरज नसेल तेव्हाचे पाणी ओढ्याला जाते आणि त्याचे कोणाला दुःख होत नाही. सर्वोच्च मागणीचा प्रश्न जन्माला आला तो उष्णता विकत घ्यावी लागू लागली तेव्हा.

५/
तो काळ १९व्या शतकाच्या उत्तरार्धाचा. न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट या लहान शहरात बर्डसिल हॉली नावाचा एक कल्पक अभियंता राहत असे. पाण्याचे पंप आणि आग विझवण्याची नळयंत्रणा यांत त्याने आधीच नाव मिळवले होते. त्याने आपल्या घराच्या तळघरात बॉयलर बसवला, बागेतून वाफेचे नळ फिरवले आणि उष्णता किती अंतर टिकते ते पाहिले. प्रयोग जमला. १८७७ साली लॉकपोर्टमध्ये व्यापारी तत्त्वावरचे पहिले नगरतापन सुरू झाले आणि काही वर्षांतच अमेरिकेतील इतर शहरांनी ते उचलले.

६/
न्यूयॉर्क शहरात ३ मार्च १८८२ रोजी वाफेचा पुरवठा सुरू झाला. पहिले ग्राहक होते ब्रॉडवे आणि वॉल स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची एक बँक. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, त्याच परिसरात, एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले हे ध्यानात घ्या. म्हणजे नळाने येणारी ऊब न्यूयॉर्कमध्ये तारेने येणाऱ्या विजेपेक्षा सहा महिन्यांनी थोरली! इमारतीत कोळसा चढवायला नको, राख उतरवायला नको, आगीची धास्ती नको, ही तिची जाहिरात होती.

७/
मात्र वाफेची एक खोड होती. मोठ्या प्रमाणावर ती साठवता येत नसे. ज्या क्षणी ग्राहकाला हवी, त्याच क्षणी बॉयलरमध्ये ती तयार व्हावी लागे. गोठवणाऱ्या सकाळी शेकडो कचेऱ्या एकदम उघडत आणि साऱ्यांना एकदमच ऊब हवी असे. म्हणून कंपनीला वर्षातील सर्वांत वाईट सकाळीही पुरतील इतके बॉयलर बांधावे लागत. उरलेल्या दिवशी त्यांतले कित्येक निखारे राखेखाली झाकून नुसते उभे. गुंतवणूक मात्र सगळ्यांवरच झालेली असे.

८/
येथे थोडे गणित पाहू. वर्षात ८,७६० तास असतात. प्रत्येक तासाची उष्णतेची मागणी घ्या आणि सर्वांत मोठ्या मागणीपासून सर्वांत लहान मागणीपर्यंत ओळीने मांडा. डावीकडे एक अरुंद सुळका दिसेल. पुढे लांबच लांब उतरण. ही आकृती काढल्यावर अभियंत्यांच्या लक्षात आले की सर्वोच्च मागणीच्या निम्म्या क्षमतेचे केंद्र उभारले, तरी वर्षाची साधारण ८५ ते ९० टक्के उष्णता त्यातूनच भागते. उरलेली निम्मी क्षमता फक्त त्या सुळक्यासाठी लागते.

९/
लग्नघरी पाचशे पानांचा स्वयंपाक असतो म्हणून कोणी पाचशे माणसांची भांडी विकत घेऊन ठेवत नाही; ती भाड्याने आणतात. नगरतापनाने हाच व्यवहार स्वीकारला. रोजच्या मागणीसाठी उभारायला महाग पण चालवायला स्वस्त असे मोठे केंद्र. आणि सुळक्यासाठी उभारायला स्वस्त पण चालवायला महाग असे तेलाचे छोटे बॉयलर. वर्षातले थोडेच तास चालणार असतील, तर महाग तेलही परवडते. हे सर्वोच्च मागणीचे पहिले उत्तर. ते आजही रद्द झालेले नाही.

१०/
आता मोठे, स्वस्त केंद्र कशावर चालवायचे? १९०३ साली डेन्मार्कमधील फ्रेडरिक्सबर्ग या, कोपनहेगनने वेढलेल्या नगराने कचऱ्यावर चालवून दाखवले. शहराचा कचरा टाकायला जागा उरली नव्हती. म्हणून तो जाळणारे केंद्र उभारले, वीज केली आणि उष्णता जवळच्या रुग्णालयासारख्या सार्वजनिक इमारतींना दिली. कचरा रोजच येतो, रोजच जाळावा लागतो. तो रोजच्या भाकरीसारखा भरवशाचा; मात्र थंडी वाढली म्हणून कचरा वाढत नाही. सुळका शिल्लकच राहिला.

११/
दुसरा मोठा स्रोत होता वीजकेंद्रांचा. २०व्या शतकाच्या पूर्वार्धातील कोळशाच्या वीजकेंद्रात कोळशातील उष्णतेचा थोडाच हिस्सा विजेत उतरे. उरलेली बहुतेक उष्णता नदीच्या पाण्यात आणि धुरांड्यातून हवेत जाई. टर्बाइन फिरवून बाहेर पडणाऱ्या वाफेने पाणी तापवून शहराला दिले, तर एकाच कोळशात दोन कामे! याला सहनिर्मिती म्हणतात. पण तिने एक नवी अडचण आणली. उष्णता मिळणार विजेच्या वेळापत्रकानुसार आणि लागणार थंडीच्या वेळापत्रकानुसार. ही दोन घड्याळे क्वचितच जुळतात.

१२/
सहनिर्मितीचा सर्वांत प्रचंड प्रयोग सोव्हिएत संघाने केला. २५ नोव्हेंबर १९२४ रोजी लेनिनग्राडमधील तिसऱ्या सरकारी वीजकेंद्रातून फोन्तान्का नदीकाठच्या ९६ क्रमांकाच्या घराला उष्णता मिळाली. तेथून ही पद्धत देशभर पसरली आणि पुढे कोट्यवधी लोकांची घरे याच नळांवर जगू लागली. कडाक्याच्या हिवाळ्याच्या देशात गरीब-श्रीमंत सर्वांना ऊब मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. त्या यशाचे मोल कमी लेखू नये.

१३/
तेथे सर्वोच्च मागणीचे नियमन केंद्रातूनच होई. बाहेरचे तापमान इतके, तर नळात सोडायच्या पाण्याचे तापमान तितके, असा तक्ता ठरलेला असे. थंडी वाढली की पाणी अधिक तापवायचे. घरात मात्र बहुधा ना तोटी, ना मीटर. खोली तापली तर माणूस काय करणार? खिडकीची वरची छोटी झडप उघडणार. अशा रीतीने बाहेर हिमवर्षाव होत असताना केंद्रात जाळलेला कोळसा खिडकीतून आकाश तापवू लागला. ज्याला आपला वापर दिसत नाही, त्याला तो आवरण्याचे कारणही दिसत नाही.

१४/
याच ठिकाणी एक बारकावा सांगायला हवा. एका घरात गरम पाण्याची तोटी सोडली की क्षणभर ३० किलोवॉटहून अधिक उष्णता लागते. मग शंभर घरांना तीन हजार लागतील का? नाही. डेन्मार्कच्या अभियंत्यांच्या गणितानुसार साधारण तीनशे पुरतात, कारण शंभर जण एकाच मिनिटाला न्हात नाहीत. लोकांच्या सवयी वेगवेगळ्या असल्यामुळे मागणी आपोआप विभागली जाते. एकाच जाळ्यावर घरे, शाळा, कचेऱ्या, रुग्णालये असली तर हा लाभ वाढतो.

१५/
पण हा लाभ न्हाण्याच्या पाण्यापुरता. थंडी काही पाळीपाळीने येत नाही. उत्तरेचा वारा सुटला की शहरातील प्रत्येक भिंत एकाच रात्री निवते आणि प्रत्येक रेडिएटर एकदमच उष्णता मागतो. त्यात सकाळच्या अंघोळीची भर. म्हणून सवयींच्या भिन्नतेवर विसंबून हिवाळा निभावता येत नाही. वेळ सरकवण्याचा काही उपाय हवा होता. तो होता साठवणीचा.

१६/
वाफ साठवण्याची युक्ती योहानेस रूथ्स या स्वीडिश अभियंत्याने शोधली. जाड पोलादी टाकीत दाबाखाली पाणी ठेवायचे आणि मागणी कमी असताना वाफ सोडून ते खूप तापवायचे. गरज पडली की दाब उतरवायचा. पाण्याचा काही भाग तत्क्षणी वाफ होऊन उसळतो. १९२९ साली बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग वीजकेंद्रात अशा १६ टाक्या उभ्या राहिल्या आणि संध्याकाळच्या सर्वोच्च मागणीसाठी ५० मेगावॉट वीज त्या देऊ लागल्या. हेतू विजेचा होता. पण आदल्या तासाची उष्णता पुढच्या तासाला नेता येते, हे साऱ्यांनी पाहिले.

१७/
आता लंडनला जाऊ. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावाने थेम्सकाठचा पिम्लिको भाग उद्ध्वस्त झाला होता. वेस्टमिन्स्टरच्या नगरसंस्थेने तेथे सामान्य लोकांसाठी मोठी वसाहत बांधायचे ठरवले आणि आराखड्यांची स्पर्धा घेतली. १९४६ साली ती जिंकली फिलिप पॉवेल आणि हिडाल्गो मोया या दोन तरुणांनी; दोघेही पंचविशीच्या आसपासचे. वसाहतीचे नाव ठेवले चर्चिल गार्डन्स. नदीच्या नेमक्या पलीकडे बॅटरसीचे प्रचंड वीजकेंद्र धुरांडी उभारून उष्णता थेम्समध्ये ओतत होते.

१८/
त्या काळच्या लंडनमध्ये ऊब म्हणजे घराघरातील कोळशाची शेगडी. त्याची किंमत डिसेंबर १९५२ मध्ये दिसली. ५ ते ९ डिसेंबर या पाच दिवसांत धूर आणि धुके यांच्या थराने शहर झाकले गेले आणि त्या काळच्या अंदाजानुसार सुमारे ४,००० माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा याहून बराच मोठा मानला. १९५६ चा स्वच्छ हवा कायदा त्यातून आला. चर्चिल गार्डन्समध्ये मात्र आधीच, १९५० च्या सुमारास, बॅटरसीचे गरम पाणी नदीखालच्या बोगद्यातून पोचू लागले होते. तेथे शेगडीची गरजच नव्हती.

१९/
पण ती दोन घड्याळे! बॅटरसी लंडनच्या विजेच्या गरजेनुसार कमी-अधिक चाले; वसाहतीला उष्णता हवी असे तिच्या स्वतःच्या वेळेला. म्हणून अभियंत्यांनी वसाहतीच्या मध्यभागी ४१ मीटर उंच, काचेने मढवलेला बुरूज उभारला. आत पोलादी टाकी, सुमारे २,५०० घनमीटर पाण्याची. केंद्रातून उष्णता जास्त येई तेव्हा ती भरे; वसाहतीची मागणी वाढली की रिती होई. वाटसरूंना तो शोभेचा मनोरा वाटला असेल. खरे तर तो शहराचा रांजण होता.

२०/
‘भरे’ आणि ‘रिती होई’ हे शब्द येथे थोडे फसवे आहेत. टाकी नेहमीच काठोकाठ भरलेली असते. गरम पाणी हलके म्हणून वर तरंगते, निवलेले जड म्हणून तळाशी बसते आणि दोहोंमध्ये एक पातळ सीमा राहते. साठवण वाढली की सीमा खाली सरकते. वापर वाढला की वर. पाणी ढवळले जाणार नाही इतक्या संथपणे आत-बाहेर करायचे, एवढेच पथ्य. अरुंद आणि उंच आकार घेतला तो यासाठी.

२१/
या रांजणात मावते किती? एक घनमीटर पाणी एक अंशाने निवले की सुमारे १.१६ युनिट उष्णता देते. जाताना आणि परतताना ४० अंशांचा फरक धरला, तर २,५०० घनमीटरांतून सुमारे १,१६,००० युनिट होतात. आज या जाळ्यावर तीन हजारांहून अधिक घरे आहेत; म्हणजे घरामागे ३८ युनिटांच्या आसपास. थंड दिवशी कित्येक तासांची बेगमी. ना दुर्मीळ धातू, ना गुंतागुंतीचे यंत्र. केवळ पाणी, पोलाद आणि भोवती उष्णतारोधक आवरण.

२२/
१९८३ साली बॅटरसीची वीजनिर्मिती कायमची थांबली. उष्णतेचा मूळ स्रोतच आटला. तरी पिम्लिकोचा बुरूज निकामी झाला नाही. वसाहतीने आपले बॉयलर बसवले, पुढे वायूवर चालणारी सहनिर्मितीची यंत्रे आली आणि बुरूज पूर्वीसारखाच भरत-रिकामा होत राहिला. आज तो संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे आणि कामावरही आहे. इंधन बदलते, केंद्र बदलते. सर्वोच्च मागणीचा तास तसाच राहतो.

२३/
ज्यांच्याजवळ निसर्गाची उष्णता आहे, त्यांनाही मोठे शहर झाल्यावर रांजण लागलेच. आइसलँडच्या रेक्याविकमध्ये १९३० साली धोब्यांच्या जुन्या उष्ण झऱ्यांचे पाणी एका शाळेला, रुग्णालयाला आणि काही डझन घरांना मिळू लागले. शहर वाढले तशी मागणीही वाढली. मग टेकडीवर टाक्या बांधल्या गेल्या. तेथील सहा टाक्यांवर १९९१ साली काचेचा घुमट उभारला. त्याचे नाव पेर्लान, म्हणजे मोती. एकेक टाकी ४० लाख लिटरची. पर्यटक वरून शहर पाहतात. पायाखाली शहराच्या सकाळची तरतूद असते.

२४/
तरतूद मोडली तर काय होते, हे जानेवारी २००६ मध्ये पूर्व युक्रेनमधील अल्चेव्स्क या औद्योगिक शहराने भोगले. हाडे गोठवणारी थंडी पडलेली असताना सोव्हिएत काळापासून चालत आलेल्या तापनव्यवस्थेची मुख्य वाहिनी फुटली. अभिसरण थांबले आणि नळांतले, रेडिएटरांतले पाणी गोठले. पाणी गोठताना प्रसरण पावते. त्याने लोखंड फोडले. हजारो घरे थंड पडली, मुलांना दूरच्या आरोग्यधामांत हलवावे लागले आणि दुरुस्तीला कित्येक आठवडे लागले.

२५/
या घटनेत शिकण्यासारखे हे की वाहिन्या, पंप, सांधे या सर्वांवर सर्वाधिक ताण येतो तो नेमका त्याच दिवशी, ज्या दिवशी ते तुटणे सर्वांत घातक असते. एरवी जुना नळ वर्षानुवर्षे निमूट चालतो. त्यातून लोकांनी विजेच्या शेगड्या लावल्या की तो सारा भार वीजजाळ्यावर जातो. एकाची सर्वोच्च मागणी दुसऱ्याच्या दारात जाऊन उभी राहते. म्हणून राखीव क्षमता आणि वेळेवर डागडुजी हीदेखील सर्वोच्च मागणीच्या नियोजनातच मोडतात.

२६/
डेन्मार्कला धडा वेगळ्या मार्गाने मिळाला. १९७३ च्या तेलसंकटाच्या वेळी त्या देशाची ९० टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात केलेल्या तेलावर चालत होती. १९७९ साली उष्णतापुरवठ्याचा कायदा झाला आणि कोणत्या भागात नगरतापन, कोणत्या भागात वायू, हे नगरपालिका ठरवू लागल्या. आज तेथील जवळजवळ दोनतृतीयांश घरे नगरतापनावर आहेत. कोपनहेगनजवळच्या आवेडोर केंद्रात प्रत्येकी २२,००० घनमीटरांच्या दोन टाक्या आहेत. पिम्लिकोच्या बुरुजापेक्षा एकेक टाकी जवळपास नऊपट!

२७/
तेथील नियंत्रक हवामानाचा अंदाज पाहून आदल्या रात्रीच हालचाल करतात. पहाटे कडाका वाढणार असे दिसले की जाळ्यातील पाण्याचे तापमान काही तास आधीच थोडे चढवायचे. शेकडो किलोमीटर नळांत खेळणारे पाणी हाही एक आडवा पसरलेला रांजणच असतो. कचऱ्याची आणि सहनिर्मितीची उष्णता आधी, टाक्यांची नंतर आणि तेला-वायूचे बॉयलर सर्वांत शेवटी, असा क्रम असतो. तो शेवटचा क्रमांक येऊच नये, यासाठी सारा खटाटोप.

२८/
मग लक्षात आले की एक सुळका माणसांनी स्वतःच, आणि तोही चांगल्या हेतूने, उभारला आहे. काटकसर म्हणून लोक रात्री खोलीचे तापमान उतरवून ठेवत. घड्याळी यंत्र सकाळी सहाला ते पुन्हा चढवी. एका घराला यातून थोडी बचत होई. पण हजारो घरांची यंत्रे एकाच ठोक्याला जागी झाली की शहराच्या जाळ्यावर मागणीची लाट येई आणि ती भागवायला तेलाचे बॉयलर पेटवावे लागत. घरात वाचवलेले इंधन शहराच्या दुसऱ्या टोकाला जळू लागले.

२९/
यातून नवे उत्तर निघाले : नवी टाकी बांधण्यापूर्वी उभ्या असलेल्या इमारतींकडे पाहा. जाड भिंतींची इमारत स्वतःच उष्णता धरून ठेवते. स्वीडनमधील गोथेनबर्गमध्ये संशोधकांनी काही निवासी इमारतींचा पुरवठा काही तास कमी-अधिक करून पाहिला. भरभक्कम बांधणीच्या इमारतींत आतले तापमान अर्ध्या अंशाच्या आसपासच हलले. कोपनहेगनच्या नोर्डहावन या नव्या वस्तीतही पुढे असेच प्रयोग झाले. सहाच्या ऐवजी चारला थोडे आणि सातला थोडे तापवले, तर कोणाला कळतही नाही आणि सुळका मात्र बसतो.

३०/
दुसरीकडे काहींनी तासांऐवजी ऋतूच सरकवायला घेतले. डेन्मार्कमधील वोयेन्स या छोट्या गावात २०१५ च्या सुमारास सुमारे दोन लाख घनमीटरांचा खड्डा खणून, आत अस्तर घालून, पाण्याने भरला आणि वर उष्णतारोधक झाकण तरंगत ठेवले. उन्हाळ्यात सौरपट्टे ते पाणी तापवतात; थंडीकडे गाव ते वापरते. आपल्याकडे उन्हात वाळवलेले सांडगे-पापड पावसाळ्यात उपयोगी पडतात, तोच हिशेब. मात्र इतका मोठा रांजण जमिनीवर जागा मागतो. दाट वस्तीच्या राजधानीत ती सहज मिळत नाही.

३१/
आता सारी उत्तरे एकत्र पाहू. पहिल्या पिढीने त्या एका तासासाठी जास्तीचे बॉयलर बांधले. दुसरीने सहनिर्मितीने रोजची उष्णता स्वस्त केली. पण घरात मीटर नसला तर खिडक्या उघडतात, हेही दाखवून दिले. तिसरीने रांजण बांधून एका तासाची उष्णता दुसऱ्या तासाला नेली. आजची पिढी मागणीलाच थोडे सरकायला सांगते आहे. नवे उत्तर आले म्हणून जुने बाद झाले नाही. आजचे शहाणे शहर ही सारी उत्तरे एकत्र वापरते.

३२/
हा इतिहास आज महत्त्वाचा का? कारण शहरे तेल, वायू, कोळसा सोडू पाहत आहेत आणि ती इंधने सर्वांत चिवटपणे टिकून आहेत ती याच सुळक्यात. वर्षाची बहुतेक उष्णता स्वच्छ करणे तुलनेने सोपे. शेवटचे थोडे तास महाग आणि हट्टी. त्या तासांची बचत करताना कोणाची खोली थंड पडेल, याचाही निर्णय करावा लागतो. तान्ह्या बाळाचे घर आणि रिकामी कचेरी यांना एकाच मापाने ‘थोडे थांबा’ म्हणता येत नाही.

३३/
शेवटी पुन्हा त्या वाड्यात जाऊ. तेथील आजी आदल्या रात्रीच घंगाळे भरून झाकून ठेवते. बंबाच्या जोडीला परसात तीन दगडांची चूल मांडून त्यावर हंडा चढवते. थोरांना पहाटे चारलाच उठवते आणि तान्ह्यांना पहिले ऊन पाणी देते. धडधाकट पोरांना म्हणते, जरा थांबा. साठवण, जास्तीची चूल, वेळेची विभागणी आणि आधी कोणाला याचा विवेक. कोपनहेगनच्या नियंत्रणकक्षात आज पडद्यांवर जे चालते, त्यात याहून निराळे तत्त्व नाही.

धागा समाप्त. तुमच्या घरी किंवा वाड्यात बंब असेल, तर त्या पहाटेचा क्रम कोण ठरवत असे, ते जरूर लिहा.